एनॉकचं इंधन कोण चोरतं?

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कोणीच नसतं. मागे आभाळ, इतकं मोठं की कुठल्याही नेपथ्यकाराला कापड पुरायचं नाही. खाली कोबीची सपाट शेतं, आणि त्यांच्या मधोमध लढाईच्या काळात विमानांसाठी बांधलेली, आता भेगाभेगांतून गवत उगवलेली धावपट्टी. डाव्या विंगेत पत्र्याची एक खोली. तिच्या छपरावर वाऱ्याची दिशा सांगणारी फाटकी नारिंगी पिशवी. आत गॅसवर चहाचं आधण. आणि या सगळ्यावर पसरलेला एक वास, गरम एरंडेलाचा.

मग उजवीकडून सायकलवर एक उंच, जरासा वाकलेला माणूस प्रवेश करतो. टोपी, मफलर, तुमानीला क्लिपा. सायकल भिंतीला टेकवतो, कुलूप लावतो, ओढून बघतो. पुढे निघतो, थबकतो, मागे येऊन कुलूप पुन्हा ओढून बघतो. मैलभरात माणूस नाही. सायकल चोरायचीच म्हटली तर एखाद्या कोबीला पुढे यावं लागलं असतं.

हा एनॉक थर्लबी. आता तो नाही. पण लिंकनशायरच्या आमच्या त्या कोपऱ्यात एरंडेल जळल्याचा वास आला की अजूनही एखादा म्हातारा मागे वळून म्हणतो, "कुलूप बघितलंस का रे?"

मी आयव्ही. तारुण्यात समुद्रातल्या धक्क्यावरच्या थिएटरात मी उन्हाळाभर गायचे, आणि गाणं संपलं की एका जादूगाराच्या पेटीत शिरून मधोमध कापली जायचे. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, मी दोन्ही तुकड्यांनी हसायचे. पुढे लग्न झालं ते रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवणाऱ्या माणसाशी. तो गेल्यावर क्लबवाल्यांनी मला सोडलं नाही, आणि त्यांचा चहा करणं मी सोडलं नाही.

आमच्या क्लबात इंधनाचे दोन धर्म होते. दोन्हींतली विमानं काखेत मारून नेता येतील एवढीच, पण इंजिनांच्या पोटांत फरक. एक जुनी जात डिझेलची. तिला ठिणगी नको, बॅटरी नको. इथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्या वाट्यानं मिसळायचं, इंजिनाचा स्क्रू आवळून आतला दाब जमवायचा आणि पंख्याला बोटानं झटका द्यायचा. दुसरी जात नवी. तिच्या डोक्यात एक छोटीशी तापणारी तार असते, आणि तिला मिथेनॉल लागतं, तेल घातलेलं, वर जोर वाढवायला चवीपुरतं नायट्रो.

एनॉक पहिल्या धर्माचा, आणि तोही सोवळा. त्याचं मिश्रण तो स्वतः करायचा. विकतच्या डब्याला हात लावायचा नाही. "डब्यावर लिहिलेलं असतं ते डब्यावर असतं," तो म्हणायचा. "आत काय आहे ते डब्यालाच ठाऊक."

सेप डॉबनी दुसऱ्या धर्माचा. गोल, गुलाबी, निवृत्त बेकर. जन्मभर पहाटे उठून पाव भाजल्यामुळे आता दुपारी कुठेही टेकला की डुलकी लागणारा. सेप म्हणजे एनॉकच्या धाकट्या बहिणीचा, विनीचा नवरा. दोघांनी पहिलं विमान मिळून बांधलं आणि मिळूनच चर्चच्या छपरावर आपटलं होतं. मध्यंतरी सेप मिथेनॉलकडे गेला. वर त्यात एरंडेलाऐवजी नव्या जातीचं, कारखान्यात बनवलेलं तेल घालायला लागला. एनॉकच्या लेखी हे बाटणंच होतं.

"मेव्हण्या, तुझं ते बाजारचं सरबत जरा उन्हापासून जप," एनॉक म्हणायचा. "आंबेल."

"आणि तू तुझं जुलाबाचं औषध जप. तुझं विमान उडतंय की परसाकडे पळतंय, कळत नाही खालून."

"एरंडेल इंजिनाला वाचवतं. इंधन कमी पडून इंजिन तापलं ना, की तुझं ते तेल जळून जातं आणि धातूवर धातू घासतो. एरंडेल चिकटून राहतं."

"चिकटतं तर! मागच्या हिवाळ्यानंतर तुझं इंजिन सोडवायला विनीच्या ओव्हनमध्ये शेकावं लागलं. पुडिंगला आठवडाभर त्याचा वास."

हे भांडण नव्हतं. हा त्यांचा ठरलेला प्रवेश होता आणि आम्ही ठरलेले प्रेक्षक. एनॉकची बायको एडिथ गेल्यापासून दर रविवारी दुपारचं जेवण विनीकडे. भाजलेलं मांस, फुगलेलं यॉर्कशर पुडिंग, रसरशीत गाजरं, आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन धर्म. आठवड्यातलं तेवढं एकच जेवण एनॉक माणसांत बसून जेवायचा. बाकीचे दिवस तो आणि भिंतीवरचं घड्याळ.

तो संशयी होता हे खरं, पण त्याचा संशय फुकटचा नव्हता. आयुष्यभर तो रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नल देत बसला. तरुणपणी एका धुक्याच्या सकाळी शेजारच्या केबिनमधून निरोप आला, मार्ग मोकळा. सगळं नियमानं झालं होतं. एनॉकनं दांडा ओढायला हात घातला, पण मनाला काही पटेना. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. धुक्यात, पार खाली, मालगाडीच्या शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा तिथेच उभा होता. मागून पॅसेंजर येत होती. त्यानं दांडा ओढला नाही. त्या पॅसेंजरमधल्या कोणाला हे कधी कळलं नाही, आणि एनॉकही ते फारसं सांगत नसे. पण त्या दिवसापासून कोणाचा शब्द तो स्वतः डोकं बाहेर काढून पाहिल्याशिवाय घेत नसे.

मैदानावर याचा उपयोगच व्हायचा. विमान चालवायच्या रेडिओच्या प्रत्येक पेटीला एक रंग ठरलेला असतो, आणि भिंतीवरच्या फळीवर त्या त्या रंगाचा एकेक चिमटा. उडवायच्या आधी आपल्या रंगाचा चिमटा काढून पेटीला लावायचा. चिमटा जागेवर नसेल तर आपली पेटी सुरू करायची नाही. कारण एका रंगाच्या दोन पेट्या एकदम सुरू झाल्या की वरचं विमान कोणाचंच ऐकत नाही आणि थेट कोबीत शिरतं. सगळा व्यवहार विश्वासाचा. एनॉक हातात चिमटा घेऊनही माणसामाणसाकडे जाऊन विचारायचा, "तांबडा कोणाकोणाचा? बंद आहे? बंद आहे म्हणू नकोस, दाखव." लोक वैतागायचे. पण त्याच्यामुळे किती विमानं वाचली, ते मला ठाऊक आहे.

अशा माणसाचं इंधन त्या उन्हाळ्यात कमी व्हायला लागलं.

इथर घरात आणायचं नाही, ही एडिथनं घातलेली अट. ती गेल्यावरही त्यानं ती मोडली नाही. म्हणून त्याची बाटली, मोठी, तपकिरी काचेची, क्लबच्या खोलीमागच्या लोखंडी कपाटात असायची. त्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक एनॉककडे, दुसरी सेपकडे, कारण मैदानाची देखभाल सेपकडे होती.

एका शनिवारी एनॉकचं इंजिन सुरूच होईना. तो बोटानं झटके देतोय, स्क्रू आवळतोय, सैल करतोय. शेवटी बोटाला पंख्याचा फटका बसला तेव्हा थांबला. माझ्या चहाच्या खिडकीशी येऊन त्यानं बोट पाण्याखाली धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आयव्ही, माझ्या बाटलीला कोणीतरी हात लावतंय."

"कोण लावणार? ते प्यायलं तर माणूस तिथेच आडवा होईल."

"प्यायला नाही. घ्यायला. पातळी खाली गेलीये आणि दमही गेलाय. इथर काढून रॉकेल ओततंय कोणीतरी."

"कोण पण?"

त्यानं किल्ल्यांचा जुडगा खिशात चाचपला. दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं.

त्यानं पहारा सुरू केला. नवं मिश्रण केलं आणि रोज दुपारी सायकल मारत यायचं ठरवलं. आला की आधी मला हुकूम, "गॅस बंद कर." इथरजवळ ज्योत नको, हे बरोबरच होतं. त्यामुळे त्याची तपासणी म्हणजे सगळ्यांचा चहा बंद. उन्हानं कपाट तापलेलं असायचं. तो बाटली बाहेर काढायचा, उजेडात धरायचा, एडिथच्या स्वयंपाकघरातल्या मापाच्या काचेच्या भांड्यात सगळं इंधन ओतायचा, डोळा पातळीला लावून बघायचा, नाकानं हुंगायचा, विचार करायचा, पुन्हा हुंगायचा आणि मग गाळणीतून सावकाश परत बाटलीत ओतायचा. दर खेपेला पातळी कालच्यापेक्षा खाली. दर खेपेला चेहरा कालच्यापेक्षा लांब.

मग त्यानं कपाटाच्या दाराला केसाएवढा काळा दोरा लावला. दुसऱ्या दिवशी दोरा जसाच्या तसा आणि पातळी मात्र खाली.

"बघितलंस?" तो म्हणाला. "दोरा परत लावतो तो. किती पोचलेला असेल!"

"एनॉक, दोरा तुटला नाही म्हणजे दार उघडलं नाही, असंही असेल की."

"तुला जादूगारानं रोज कापली, आयव्ही. रक्त आलं का कधी? मग?"

मी कपबशा आवरायला घेतल्या.

संशय सर्दीसारखा असतो. एकाला झाला की खोलीभर. आठवड्याभरात जो तो आपापल्या डब्यावर पेन्सिलीच्या रेघा ओढायला लागला. हॉर्सफॉल, आमचे अध्यक्ष, दातांचे निवृत्त डॉक्टर, माझ्या चहात दूध घालण्याआधी दुधाचा वास घेऊ लागले. कोणी कोणाला उसना थेंब देईना. पूर्वी एखाद्याचं संपलं तर दुसरा डबा पुढे करायचा, आता सगळे डब्यांवर बसून चहा प्यायचे.

आणि खरं सांगायचं तर मलाही सेपचा संशय यायला लागला होता. एका बुधवारी सकाळी, जेव्हा मैदानावर कोणी येत नाही, मी धुतलेले टॉवेल ठेवायला गेले. खोलीमागे सेप उभा. कपाट उघडं, एक हात आत. मला पाहून तो असा दचकला की गुलाबीचा लाल झाला. काहीतरी त्यानं कोटाच्या खिशात कोंबलं.

"आयव्ही! तू? आज?"

"मी. आज. आणि तू?"

"मी... बिजागरीला तेल घालत होतो."

बिजागरी मी नंतर पाहिली. गंजलेली, कोरडी ठणठणीत. मी एनॉकला काही सांगितलं नाही. पण त्याला माझ्या सांगण्याची गरजच नव्हती. दुपारी तो आला तेव्हा दोरा तुटलेला होता आणि मातीत सेपच्या सायकलच्या चाकाचा ठसा होता.

पुढच्या सभेत एनॉक उभा राहिला. गावच्या हॉलमध्ये सभा. मागच्या रांगेत विनी विणकाम घेऊन बसलेली, कारण सेपला घरी न्यायची गाडी तिची. एनॉकनं घसा साफ केला. सेपला तो जन्मभर अरे-तुरे करत आला होता. त्या दिवशी म्हणाला, "डॉबनीसाहेब, तुम्ही बुधवारी कपाटाशी काय करत होतात?"

'साहेब' ऐकून विनीनं विणकामातून मान वर केली.

"काम होतं," सेप म्हणाला.

"काय काम?"

सेपनं एकदा मागे विनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"यांच्याकडची किल्ली काढून घ्यावी," एनॉक म्हणाला, "आणि यांना क्लबातून कमी करावं. माझं इंधन हे चोरतात. माझा ठराव आहे."

विणकामाच्या सुया थांबल्या. विनी उठली. "एनॉक, एवढंच सांग. हे बोलून झाल्यावर रविवारी माझ्या टेबलाशी बसणार आहेस?"

"हा क्लबाचा विषय आहे, विनी."

"माझ्या घरात क्लबाचं टेबल नाही. हा ठराव पास झाला तर माझ्याकडे येऊ नकोस. आणि नापास झाला तर येण्याआधी विचार कर."

हॉर्सफॉलसाहेबांनी दात काढताना काढावा तसा लांब श्वास काढला आणि ठराव क्लबाच्या मेळाव्यापर्यंत पुढे ढकलला.

सगळे पांगले. एनॉक एकटाच सायकलचं कुलूप ओढत उभा होता. मी जवळ गेले. "उद्या दुपारी मला दाखव," म्हटलं. "सगळं. सुरुवातीपासून."

"कशाला?"

"मी वर्षानुवर्षं जादूच्या पेटीत होते. मला आतून बघायची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसले. गॅस बंद. ऊन पत्र्यावर. त्यानं बाटली उघडली, बूच बाजूला ठेवलं, भांड्यात ओतलं. पातळी बघितली. हुंगलं. मला हुंगायला दिलं. मला जरा गरगरलं. त्यानं सेपबद्दल बोलायला सुरुवात केली, पहिल्या विमानापासून, चर्चच्या छपरापासून, आणि बोलता बोलता त्याचा आवाज असा काही झाला की मी त्याच्याकडे पाहिलं नाही. भांड्याकडे पाहत राहिले. त्या उघड्या भांड्यावर हवा नुसती थरथरत होती, उन्हाळ्यात रस्त्यावर थरथरते तशी.

आणि मला आमच्या जादूगाराची मिशी आठवली. ती चिकटवायचा डिंक एका छोट्या कुपीत असायचा. त्याचं बूच कोणी उघडं ठेवलं की पहिल्या अंकाच्या शेवटी डिंक निम्मा आणि घट्ट. त्यात इथर असायचं. जादूगार ओरडायचा, "माझा डिंक कोणी चोरला?"

"एनॉक," मी म्हटलं, "बूच लाव."

"थांब, अजून बघायचंय."

"तेच म्हणतेय मी. तू बघतोस म्हणून ते जातंय. रोज उन्हात ओततोस, रोज उडतं. उडतं ते इथरच. मागे राहतं रॉकेल आणि एरंडेल. म्हणून पातळीही जाते आणि दमही जातो."

त्यानं बूच हातात घेतलं. मला वाटलं, पटलं. तो म्हणाला, "तुला सेपनं पाठवलं का?"

मी हसले. मग म्हटलं, "बरं, मी त्याचं माणूस समज. पण एक कर. नव्यानं कालव. दोन बाटल्या भर, सारख्या. एक तुझ्याकडे ठेव आणि रोज काय बघायचं ते बघ. दुसरीला मेणानं सील कर, वर तुझ्या रेल्वेच्या कोटाचं बटण दाब. ती सेपकडे दे."

"चोराकडे?"

"चोराकडेच. सील तुटलं तर तुझा ठराव खरा."

हे त्याला आवडलं. सापळा म्हटलं की त्याला कधी नाही म्हणता येत नसे. सेपलाही सांगितलं. तो म्हणाला, "ठेवतो. उशाशी घेऊन झोपतो. विनीला सांगतो, तुझ्या भावाचा आत्मा यात आहे, हलवू नकोस." पण हे म्हणताना तो हसला नाही.

मेळाव्याच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून लोक आले. हॉर्सफॉलसाहेबांनी टेबल मांडलं. एनॉकनं आपली बाटली ठेवली. तिच्यात खांद्याखाली चांगली पोकळी होती. सेपनं आपली ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली. मेणावर रेल्वेचं बटण उमटलेलं, तुकडाही निघाला नव्हता.

एनॉकनं सील निरखलं. नखानं खरवडलं. वास घेतला. मग म्हणाला, "ही भरली कशी? हा गुपचूप भरतोय!"

"मेणातून?" हॉर्सफॉलसाहेब म्हणाले. "थर्लबी, मी दातांत सिमेंट भरलंय जन्मभर. मेणातून काही भरता येत नाही."

लोक हसले. एनॉकनं कोणाकडे न बघता आपल्या बाटलीतलं इंधन टाकीत भरलं, झटके दिले. इंजिन खोकलंसुद्धा नाही. मग त्यानं टाकी रिकामी केली, सील फोडलं आणि सेपच्या बाटलीतलं भरलं. बोटाचा एक झटका. इंजिन असं किंचाळलं की पुढच्या रांगेतल्या बायांनी कान झाकले, आणि तो एरंडेलाचा निळसर धूर सगळ्यांच्या अंगावरून गेला.

त्यानं इंजिन बंद केलं. पंख्यावरचं तेल फडक्यानं पुसलं. "ठराव मागे घेतो," म्हणाला. टेबलाला.

मी टाळी वाजवायच्या बेतात होते. आमच्या धंद्यात इथे पडदा पडतो. पण सेप पुढे आला, आणि मी त्याला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ठराव मागे घेतलास. दोऱ्याचं काय, एनॉक? माझ्यासाठी दाराला दोरा लावलास. माझ्या चाकाचा ठसा मोजलास. तुला माहितीये मी बुधवारी काय करत होतो?" त्यानं विनीकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की आता लपवण्यात अर्थ नाही. "बेदाण्याचा पाव. डॉक्टरनं गोड बंद केलंय, हिनं घरात साखर ठेवली नाही. मी कपाटात पाव लपवून खात होतो. तुझ्या इथरचा वास असलेला पाव. तू नुसतं येऊन विचारलं असतंस तर तुलाही अर्धा दिला असता."

"सेप्टिमस!" विनीनं त्याचं पूर्ण नाव घेतलं. पण तो राग सेपवरचा नव्हता.

सेपनं किल्ली काढून टेबलावर ठेवली. "मेव्हण्या, जन्मभर एकच माणूस होता ज्याच्यासमोर मला दार बंद आहे की उघडं, बघावं लागलं नाही." आणि तो विनीबरोबर गाडीत बसून निघून गेला.

पुढचे रविवार एनॉक धावपट्टीच्या टोकाला बाकावर बसून कागदातल्या माशाबरोबर चिप्स खायचा. विमान आणायचा, उडवायचा नाही. लोकांनी त्याला हसणं सोडलं, ते जास्त वाईट. मी चहा न्यायचे. एकदा त्यानं कप हातात घेऊन विचारलं, "सेपनं मिथेनॉलमध्ये पाणी शिरू नये म्हणून काय केलं असेल गं? त्याच्या त्या सरबताला हवेतलं पाणी लागतं. पावसाळी दिवस आलेत." ही चौकशी त्याच्यापरीनं फार मोठी होती.

मग एका रविवारी दुपारी तो माझ्या दारात. धुतलेला शर्ट, एडिथच्या अंत्यविधीचा टाय. "कोट घाल," म्हणाला. "चल."

"कुठे?"

"विनीकडे."

"मी कशाला? तुझी बहीण आहे."

"साक्षीदार लागतो," तो म्हणाला, आणि सायकलचं कुलूप ओढून बघितलं.

आम्ही चालत गेलो. वारा समुद्रावरून येत होता. कालव्याच्या पुलावर तो मध्येच थांबला, कठड्याकडे तोंड करून मफलरमध्ये काहीतरी पुटपुटला. जरा पुढे जाऊन पुन्हा थांबला, पुन्हा पुटपुटला. वाऱ्यात मला एक शब्दही कळला नाही.

विनीनं दार उघडलं. अंगावर ॲप्रन, हातात पळी. तिच्यामागून भाजलेल्या मांसाचा वास आला आणि एनॉकचा घसा वरखाली झाला. आत, हॉलच्या टोकाला, सेपनं वर्तमानपत्र आणखी उंच धरलं.

"काय आहे?" विनी म्हणाली. "आज काय मोजायचंय? बटाटे?"

"विनी..."

"आयव्हीला घेऊन आलास? माझ्या दारात यायला पंच लागतो तुला?"

आतून सेपचा आवाज आला. "विचार त्याला, मेण आणलंय का."

एनॉकनं टोपी काढली. टोपी दोन्ही हातांनी फिरवली. त्याचे कान लाल झाले होते आणि ते वाऱ्यानं नव्हते.

"आधी म्हण," विनी म्हणाली. "काय म्हणायचं ते तुला माहितीये. माझ्याशी नाही, त्याच्याशी. मग आत ये."

तो उभा राहिला. वर्तमानपत्र हललं नाही. मी श्वास रोखून धरला होता, विंगेत नवख्या नटाचं पहिलं वाक्य ऐकताना धरायचे तसा.

"म्हणालो मी," एनॉक म्हणाला. "वाटेत दोनदा म्हणालो, चुकलो म्हणून. ही बाई साक्षीला आहे, विचार हवं तर."